समोरच्या घरचा चहा

माझे वडील बाहेर कुठं चहा घेत नाहीत, ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट होती. लग्नात, ऑफिसात, कुणाच्या घरी कप पुढं आला की बाबा छातीवर हात ठेवून "आत्ताच झाला" म्हणायचे. आई हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. "ह्यांना माझ्याच हातचा लागतो," असं म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. आई गेली आणि बाबा माझ्याकडं राहायला आले. आईच्या पाटल्या धाकट्या बहिणीनं नेल्या, मी अवाक्षर काढलं नाही. मला बाबांचा चहा मिळाला होता.

आमचा चहा म्हणजे आईचाच चहा. पाण्यात आधी साखर, मग ठेचलेलं आलं, उकळी आली की पावडर, ती चांगली उतरली की दूध. मग तो भांड्याच्या काठापर्यंत चढून खाली बसला पाहिजे, एकदा नव्हे, दोनदा. यात इकडचं तिकडं केलेलं मला खपत नाही. दूध आणि पाणी एकदमच चढवणाऱ्या बायका मला आळशी वाटतात. गवती चहा घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याकडं जाणं तेवढं कमी करते.

पुंडलिकनगरातलं भाड्याचं घर सोडून आम्ही या अपार्टमेंटमध्ये आलो, तर समोरच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारं जोडपं होतं. चाचांचं शहागंजात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, ते आता मुलगा बघतो. चाची घरीच असतात. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा, बुद्धपौर्णिमेला आमच्याकडून खीर जायची. एवढ्यावर सगळं छान चाललं होतं.

एके दिवशी दारात भाजी घेताना चाची म्हणाल्या, "बेटा, तुझ्या बाबांना आमची चाय लई पसंद आली बघ. कल दो कप लिये."

मी हसले आणि भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून विनाकारण भांडले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दोन कप! आई असती तर काय म्हणाली असती? आणि बाबांनी घरात चकार शब्द काढला नव्हता. रोज संध्याकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत होते, आणि पाय मोकळे होत होते ते बरोबर समोरच्या दारापर्यंत.

मग मी चाचींना खोदून खोदून विचारलं. त्यांच्याकडं दूध वेगळं, मंद आचेवर आटेपर्यंत. पत्ती वेगळ्या पाण्यात, झाकण ठेवून. साखर त्या पाण्यात, वर मिठाची चिमूट. शेवटी कपात दोन्ही एकत्र.

"एकत्र उकळत नाही?" मी विचारलं.

"तौबा! दूध में पत्ती उबाली तो दुधाचा जीवच जातो."

"आणि आलं?"

"अद्रक कायकू? कुणाला खोकला झालाय?" चाची हसल्या. "तुम्ही लोकं चाय नाय, काढा पिता."

"आणि तुम्ही बासुंदी," मी म्हटलं. त्या आणखी हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे.

खाली मान घालून एक दिवस मी तोही उद्योग केला. शहागंजातून त्यांचीच पत्ती आणली. दूध आटवता आटवता भांड्याला लागलं, ते दुसऱ्या भांड्यात काढलं, मिठाची चिमूट जरा मोठी पडली. नवऱ्यानं एक घोट घेऊन माझ्याकडं नुसतं बघितलं. बाबा म्हणाले, "चांगला झालाय." माझ्या चहाला ते नेहमी हेच म्हणतात. आणि संध्याकाळी पायांत चपला सरकवून समोर गेले. तिथून आले की ते चहाबद्दल काही बोलत नसत, नुसते खुशीत असत. त्या खुशीचा मला मनस्वी राग यायचा. दौलताबादहून येताना त्यांनी सीताफळं आणली, त्यांतली मोठी मोठी निवडून तिकडं गेली आणि दबलेली आमच्या टोपलीत राहिली. हेही मी बघून ठेवलं.

शेवटी मी न बोलावता त्यांच्या मागोमाग गेले. हात हलवत कसं जायचं, म्हणून वाटीभर शेंगदाण्याची चटणी नेली. चाचींनी मलाही कप दिला. मी जिभेवर घोळवून घोळवून प्याले. गोड होता, दाट होता, ओठांना चिकटत होता. आईची शपथ, आमचा चांगला.

मग बाबांकडं बघितलं. ते चाचांना कुठल्याशा जुन्या सायकलची हकिकत सांगत होते, आणि त्यांच्या कपातल्या चहावर साय धरली होती. चहासाठी जीव टाकणारा माणूस असा चहा निववत नाही. मला काही उलगडेना. थोड्या वेळानं बाबा "येतो" म्हणून उठले, तळाशी घोटभर चहा असलेला कप टीपॉयवर तसाच ठेवला आणि दाराकडं निघाले. मी त्या कपाकडं बघतच राहिले.

आमच्या घरी बाबांचा उष्टा कप मी जन्मात पाहिलेला नाही. पिऊन झालं की ते उठतात, कप विसळतात आणि ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घालतात. आईच्या वेळीही तसंच. सगळ्या नात्यात आईला नशीबवान म्हणायचे. असा नवरा मिळायला पुण्य लागतं, म्हणायचे.

"बाबा, कप तसाच ठेवून आलात," पॅसेजमध्ये मी म्हटलं. आवाजात धार होती, ती मी लपवली नाही.

"व्हय की," ते म्हणाले. "तिथं ध्यानातच राहत नाय."

आमच्या दाराला हात लावून ते थांबले, आणि मग त्यांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट अगदी सहज सांगितली.

"बिडकीनच्या अलीकडं आपलं गाव. तिथं एक हाटेल व्हतं. आपल्या लोकांचे कप बाहेर, कुडाला अडकवलेले. आपणच काढायचा, वरून ओततील तेवढा प्यायचा, आपणच धुवायचा. नीट धुतला का, ते मालक बघायचा. तिथला चहा कसा व्हता ते मला आठवत नाय. धुणं आठवतं."

"म्हणून तुम्ही बाहेर घेत नव्हता?"

"नकोच वाटायचं. कुठं धुवायचा, कुणाला इचारायचं."

"आई तर सगळ्यांना सांगायची..."

"सांगू दिलं. तिला बरं वाटायचं."

"आणि इथं?"

बाबा हसायला लागले. "पहिल्या दिवशी कप घेऊन उठलो, तर भाईनं हातातून काढूनच घेतला. म्हणला, 'इत्ती अच्छी चाय छोडके कां चले साहब?' आन् माझा उरलेला घोट त्यानं पिऊन टाकला. माझा उष्टा! मग धुवायचं काय राहिलं?"

हे सांगताना म्हातारपणी बाबांचे डोळे असे चमकत होते की मला आनंद व्हायला हवा होता. झाला हेवा. आधी चाचींच्या दुधाचा होता, पत्तीचा होता, ते सगळं एका क्षणात पोरकट ठरलं आणि त्याच्या जागी हा खराखुरा आला. आईनं संसारभर त्यांना चहा दिला. मी आलं ठेचून ठेचून बोटं तिखट केली. आणि समोरच्या माणसानं एका घोटात बाजी मारली. त्यांच्या हातातला कप काढून घ्यावा हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही, आम्ही नुसतं कौतुक करत बसलो. त्या टीपॉयवरच्या खरकट्या कपावर माझा एवढा जीव जळाला की रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी मी चहा केला. आमच्याच पद्धतीनं, आलं घालून, दोनदा चढवून. बाबांच्या समोर बसले आणि त्यांचा शेवटचा घोट होताच हात पुढं केला.

"द्या इकडं."

"राहू दे गं. तुला कशाला तरास."

"द्या ना बाबा, मी ठेवते."

त्यांनी कप छातीशी धरला, अंग चोरून माझ्या बाजूनं पुढं गेले आणि नळ सोडला. आतून चोळला, कडा चोळली, बूड चोळलं. मग कप खिडकीच्या उजेडाकडं धरून फिरवून बघितला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "निघाला ना गं नीट?"