व्याह्यांना न पटलेली युद्धकविता

युद्धकवितेचा माझ्या व्याह्यांइतका निर्दय परीक्षक हिंगोली जिल्ह्यात दुसरा झालेला नाही, आणि या गृहस्थांनी जन्मात कवितेची एक ओळ लिहिलेली नाही. सेनगावचे लोक म्हणतात, निवृत्त सुभेदाराला काव्य काय कळणार! हे साफ खोटे आहे. आयुष्यभर मराठी शिकवून मला जे कळले नाही ते त्यांना कळते, हे मी नाइलाजाने मान्य करतो. कविसंमेलनात ते पहिल्या रांगेत ताठ बसतात आणि एखादी प्रतिमा खटकली की कवीला थांबवून उभे राहतात. औंढ्याच्या एका तरुण कवीने हुतात्म्याच्या रक्ताने बर्फावर पळस फुलवला, तेव्हा व्याही उठले. "पळस काहून आनला, भाऊ? रगत घडीभरात काळं पडतं. चिंचेच्या कोळावानी दिसतं. तसं लिवा." पुढच्या कवीने शिखरावर गिधाडे फिरवली. "तिथं म्या गिधाड पाह्यलं न्हाई. पिवळ्या चोचीचे कावळे येतेत, अन् ते बी आमच्या बिस्किटावर!" सभागृह हसले, व्याही हसले नाहीत. माझ्या कवितेतल्या रडणाऱ्या कडुलिंबाबद्दल तर त्यांनी "कडुलिंब? बर्फात?" एवढेच विचारले, आणि आम्ही दोन महिने एकमेकांशी बोललो नाही.

जवळा बाजारच्या वाचनालयातला प्रसंग मात्र लोक मनाला येईल तसा रंगवतात. कोणी म्हणते मी ओळी विसरलो, कोणी म्हणते व्याह्यांनी माझा कागद फाडला. दोन्ही थापा आहेत. त्या आठवड्यात सीमेवर गोळीबार सुरू होता आणि तिथेच तैनात असलेल्या माझ्या जावयाचा, म्हणजे व्याह्यांच्या एकुलत्या मुलाचा, चार दिवस फोन नव्हता. तरीही मी कविता वाचायला उभा राहिलो; अभिमान वाईट. पहिल्या कडव्यात मी रान जाळले, दुसऱ्यात नदी आटवली. आक्षेपाला भरपूर जागा होती, पण व्याही उठले नाहीत. ते स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. तिसऱ्या कडव्यात जवान तोडलेल्या झाडासारखा कोसळायचा होता, आणि त्या जवानाला एकाएकी जावयाचा चेहरा आला. मी कागदाची घडी घातली. विसरलो नाही; त्याला पाडायला जीभ धजली नाही.

तेवढ्यात व्याह्यांचा फोन वाजला. तोफांनी कान गेल्यामुळे त्यांचा फोन सगळ्या गावाला ऐकू येतो. पलीकडे माझी मुलगी होती. "मामा, ह्यांचा फोन आला! बरे हायेत. तिकडं फोन बंद ठिवले होते." व्याह्यांनी टोपी काढली, डोळे पुसले, टोपी घातली आणि उभे राहून माझ्या दोन्ही कडव्यांची चिरफाड केली. इतकी गोड टीका मला जन्मात लाभली नव्हती. "नदी आटत न्हाई, गुर्जी! ती तशीच खळखळ वाहती, तेच तर बघवत न्हाई!"

परतताना जीपमध्ये व्याही माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "गोळा लागून देवदार फुटला ना, तर लई गोड वास सुटतो. देवघरावानी. माझा जोडीदार त्याच्या बुडाशी पडला होता, अन् मला वाटलं, काय छान वास येऊन राह्यला. त्याची लाज अजून जात न्हाई."

मी वही काढली. त्यांनी अडवले नाही.

"लिवा. पर यमक नका लावू."

पहिली ओळ अजून उतरलेली नाही. एरवी माझ्या शब्दाशब्दाचा जाब मागणारे व्याही तिच्याविषयी मात्र कधी विचारत नाहीत.