एका खात्यात अख्खा तालुका

आईचा मोबाईल बांधीच्या, धानाच्या खाचराच्या चिखलात पडला आणि त्याच्यासोबत रोवण्याच्या बावीस बायांचे नंबर गेले. धानाच्या रोवण्यासाठी, म्हणजे लावणीसाठी, आंधळगावच्या आसपासच्या तीन गावांतून टोळी जमवणं हे आईचं काम. शेतमालकाने बजावून ठेवलं होतं: आज संध्याकाळपर्यंत बाया पक्क्या कर, नाहीतर दुसरी टोळी बोलावतो. सिमकार्ड तेवढं वाचलं. ते घरातल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये टाकलं, पण त्यात एकही नंबर दिसेना.

"नंबर कोठी जात नाई," आई म्हणाली. "दुकानवाल्यानं सांगतलं होतं, वर जमा हायेत म्हणून."

आम्ही मोहाडीला, तालुक्याच्या गावी गेलो. मोबाईल, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच गाळ्यात चालणारं ते दुकान. आईचा फोन तिथलाच, आणि नंबरही दुकानदारानेच तिला विचारून भरलेले. त्याने कॉम्प्युटरवर आईच्या फोनचं खातं उघडलं. पासवर्ड त्याला पाठ होता. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

पान आलं, पण नावांच्या जागी नुसतं एक चक्र फिरत राहिलं.

"नेट स्लो हाय जी," दुकानदार म्हणाला. त्याने राउटर बंद करून चालू केला. चक्र तसंच. मी कॅशे साफ करायला लावली. तरी चक्र. दुसऱ्या ब्राउझरमध्ये नावांऐवजी करड्या रेघा उमटल्या आणि कॉम्प्युटरच अडकून बसला.

"साइटच डाऊन असन. उद्या या ना, मावशी."

"उद्या कायले येऊ बाप्पा? रोवणा काय माह्यासाठी थांबून राहते?"

मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. उघडे पडलेले सगळे फॉर्म बंद करायला लावले आणि तेच पान खाजगी विंडोत उघडलं. चक्र फिरतच होतं, पण या वेळी माझी नजर बाजूच्या आकड्यावर गेली. खात्यातल्या नंबरांची संख्या चार आकडी होती.

"माझी आई काय निवडणुकीला उभी आहे? एवढे नंबर कोणाचे?"

तो हसला. "सगळ्यायचे. एकेकाचं खातं बनवत बसलो तं दिवस जाते. लोकं पासवर्ड भुलतात, मंग माह्याच डोक्यावर येऊन बसतात. म्हणून दुकानाचं एकच खातं. जो फोन घेते, त्याच्या फोनात टाकून देतो."

"तरीच!" आई म्हणाली. "माह्या फोनात ओळख ना पाळख लोकं दिसत होते. मी विचारली तं तू म्हणला, कंपनीवाले टाकतात."

माझ्या डोक्यात सणक गेली. जमीन कोणाची, तलाव कोणाचा, हे प्रश्न मी घरी येणाऱ्या चळवळीच्या पत्रकांवर बोट फिरवत वाचायला शिकले. पण बाईच्या नंबराचा मालक कोण, असं कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं. त्या बाईने नंबर दिला होता माझ्या आईला, उद्या कोणत्या बांधीत यायचं ते कळावं म्हणून. तो आता कोणाकोणाच्या खिशात फिरत होता!

"जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरातला साहेब फोन घ्यायला आला, तर त्याच्याही फोनात हेच खातं टाकता का?"

"नाई जी. त्यायचं त्यायच्याकडे असते."

म्हणजे ज्याला मागता येतं त्याचं खातं वेगळं. बाकीच्यांचा एकच हारा, त्यात सगळं कोंबलेलं. त्या ओझ्यानेच पान उघडत नव्हतं.

अख्खी यादी मागण्यापेक्षा मी शोधायच्या चौकटीत 'रोवणा' टाइप केलं. दुकानदाराने आईच्या बायांच्या नावापुढे तो शब्द आणि गाव तेवढं लिहिलेलं होतं. नावं आली, दोन परक्या टोळ्यांची पण आली. आईने गावावरून आपल्या बाया ओळखल्या आणि मी त्यांचे नंबर झेरॉक्सच्या रद्दीवर उतरवून घेतले. मग नावांवर खुणा करून माउस 'हटवा'वर नेला.

"थांब," आई म्हणाली. "हे नंबर तुहे हायेत का?"

"नाही."

"मंग विचारू दे."

तिथेच बसून तिने एकेकीला फोन लावला. उद्याचं पक्कं केलं आणि दुकानाच्या खात्यातून नंबर हटवायचा का, हेही लगेच विचारलं. तिसरीचा आवाज फोनबाहेर आला: "हटव वो माय, आताच हटव! दोन महिने झाले, कोनी तरी रोज फोन करून 'कोन बोलते' विचारून राहिला. नवरा माह्यावरच शक घेते."

मी तिचा नंबर हटवला. दुकानदार काउंटरची काच पुसू लागला.

बावीसपैकी वीस बाया पक्क्या झाल्या आणि आईने मालकाला तसं कळवलं. दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. "झालं ना मावशी तुमचं काम?"

"माहं झालं." आईने पुन्हा त्या तिसरीचा नंबर लावला. "नवरा घरी हाय ना वो? दे त्याले." मग फोन दुकानदारासमोर धरला. "सांग त्याले, त्याच्या बायकोचा नंबर कोनं वाटला."

"मी कायले जी, मावशी?"

पलीकडून एक पुरुष हॅलो हॅलो करत होता. आईने हात मागे घेतला नाही.