फ्रेंच माणसाची चाल

एकाहत्तरच्या जूनमध्ये मी तिसगावच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. वय तेवीस, आणि गावात ओळखीचं एकही माणूस नाही. खोली मिळाली ती ख्रिस्ती वस्तीच्या कडेला. शाळा सुटली की मी दार लावून मोठ्याने वाचत बसायची. घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून.

पुढच्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. निम्मा वर्ग आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला आणि माझ्या दुपारी आणखी लांबल्या. अशाच एका दुपारी शेजारचे मास्तर दारात येऊन उभे राहिले. सत्तरीला टेकलेले, एकटेच राहणारे. चाळीस वर्षं ते चर्चमध्ये पायपेटी वाजवत होते.

"बाई, तुम्हाला फ्रेंच येतं म्हणे?"

"कॉलेजात दोन वर्षं होतं. येतं असं नाही म्हणता येणार."

त्यांच्या काखेत एक जाड, पिवळं पडलेलं पुस्तक होतं. मिशनच्या मडमबाई कायमच्या मायदेशी जाताना देऊन गेलेल्या. मागच्या शतकातल्या एका फ्रेंच संगीतकाराचा तो ऑपेरा होता, म्हणजे सगळं गाऊनच करायचं नाटक. मास्तरांना त्यातले सूर वाचता यायचे, शब्द नाही. गावात कुणी वारलं आणि त्याची माती असली की चर्चमध्ये जे गीत म्हणत, त्याची चाल त्यांना त्या पुस्तकात सापडली होती. मडमबाईंनी चाल तिथून घेतली आणि मराठी शब्द आपले घातले.

"मूळची प्रार्थना काय आहे, तेवढं मला सांगा," ते म्हणाले.

मी छोटा शब्दकोश घेऊन बसले. रोज दुपारी ते येत, मी चार ओळी लावी. संगीतकाराच्या नावाचा उच्चार दोघांनाही जमेना, म्हणून मास्तर त्याला 'आपला फ्रेंच माणूस' म्हणू लागले. पुस्तकाच्या सुरुवातीला त्याची हकिकत होती. तरुणपणी त्याच्या नाटकांना गर्दी लोटायची. म्हातारपणी लोकांना दुसरं काही आवडू लागलं आणि त्याची नाटकं एकेक करून बंद पडली. तरी तो रोज सकाळी लिहायला बसायचा.

"कुणासाठी?" मास्तरांनी विचारलं.

"ते दिलेलं नाही."

पाचव्या दिवशी गाण्याचा अर्थ लागला. दोन दिवस मी तो त्यांना सांगितला नाही, शब्द अडलाय म्हणून वेळ मारून नेली. शेवटी सांगितलं, की ही प्रार्थना नाही. नवरा बोटीवर गेलाय, परत आलेला नाही, आणि बायको खिडकीशी बसून त्याला बोल लावतेय. मला एकटीला टाकून गेलास, म्हणतेय.

"म्हणजे हे देवाला नाही?"

"नाही. माणसाला आहे."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आपण उगाच सांगितलं. मग ते म्हणाले, "आमच्या हिच्या मातीला मीच वाजवलं होतं. तेव्हा माझ्याही मनात देव नव्हता, बाई. ते पाप वाटायचं मला. इतकी वर्षं."

त्यांनी माझ्याकडून ते शब्द मराठीत लिहून घेतले आणि तिथेच, माझ्या खोलीत, हळू आवाजात म्हणून पाहिले. आवाज फाटलेला होता, सूर मात्र पक्का. मी भिंतीकडे बघत ऐकत राहिले. त्या गावात माझ्यासमोर बसून कुणी गायलं ते तेवढंच.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझी राहात्याला बदली झाली. मास्तरांचं एक कार्ड आलं. पाय आता पेटीवर नीट चालत नाहीत, असं लिहिलं होतं. नवी शाळा, नवं बिऱ्हाड, या गडबडीत मी उत्तर लिहायचं आज-उद्या करत राहिले. दिवाळीच्या सुट्टीत उठून तिसगावला गेले, तर त्यांच्या दाराला कुलूप.

शेजारीण म्हणाली, "मास्तर गेले की वो. म्हैना झाला."

"मातीला कोण वाजवायला होतं?"

"वाजवनार कोन? त्येच वाजवायचे. आमी नुसतंच म्हनलं, पेटीबिगर."

"कुठलं गीत?"

"नेहमीचंच," ती म्हणाली आणि मला बसायला पाट दिला. एसटीला अजून तास होता. तिने चहा टाकला, आणि मी तिच्या ओट्यावर बसून राहिले.