रुपराव शाहिराचं नमन

रुपरावनं मिलची नोकरी सोडली, तेव्हा नागपुरात मिलमधली कायमची नोकरी म्हणजे काय चीज होती, हे आज सांगून पटायचं नाही. बदलीवर वर्षानुवर्षं दाराशी उभं राहून माणसांचे केस पिकायचे, तेव्हा कुठे हजेरीपटावर नाव पक्कं व्हायचं. पक्क्या माणसाकडे मुलीचे बाप आपणहून चालत यायचे. रुपरावची बायको भागीरथा, तिच्या बापानंसुद्धा नवरदेव धड पाहिला नव्हता, मिलचा बिल्ला तेवढा पाहिला होता. ती नोकरी रुपरावनं सहासष्ट सालच्या दिवाळीनंतर सोडली, आणि कशासाठी, तर खडी गंमत करण्यासाठी.

खडी गंमत म्हणजे शाहिरानं उभ्यानं गायचं, मागे ढोलकी, तुणतुणं आणि ओळ उचलून धरणारे दोन झीलकरी, मधूनमधून सोंगं नि नकला, असा सूर्य उगवेपर्यंत चालणारा खेळ. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला गंमत नसली तर पाहुणे तोंड वाकडं करून परत जातात. म्हणजे दिवाळीपासून पुढचे दोन महिने शाहिराला उसंत नाही, आणि मिलचा भोंगा तर बारा महिने वाजतो. रुपरावच्या खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, ताराचंद मनानं वाईट नव्हता. चार वर्षं त्यानं रुपरावचे खाडे पोटात घातले. पाचव्या वर्षी मात्र त्यानं त्याला साच्यापासून, म्हणजे विणायच्या मागापासून, बाजूला घेतलं.

"रुपराव, मले एक सांग. तू मिलमंधी नोकरी करून राहिला का मिल तुह्याकडं नोकरी करून राहिली?"

"दोन महिन्याचाच प्रश्न आहे जी."

"तसं नाही चालत आता. वरून हुकूम आला. एकतं गाणं, नाहीतं साचा. उद्या सांगजो."

रुपरावनं उद्यापर्यंत वाट पाहिली नाही. बिल्ला काढला आणि ताराचंदच्या हातावर ठेवला. बिल्ला काढताना त्याचा हात क्षणभरही अडला नाही असं ताराचंद पुढे कित्येक वर्षं सांगायचा, आणि सांगताना स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायचा.

लोक म्हणाले, शाहिरीची नशा चढली. पण खरी गोष्ट निराळी होती. नुसतं गायचंच असतं तर रुपराव दोन महिने चोरूनमारून गात राहिला असता. त्याला स्वतःचं गायचं होतं. पारशिवनीचे शाहीर चंपतराव त्याचे गुरू. त्यांच्या फडाला पाच पिढ्यांची गादी होती, आणि मंडईत मागणी यायची ती त्या पाच पिढ्यांच्या जुन्या गाण्यांना. रुपरावनं स्वतः बांधलेली गाणी वहीत पडून होती. पहाटे अर्धा गाव घोंगडीत घोरायला लागला की मग कुठे तो त्यातलं एखादं हळूच सरकवून द्यायचा. ऐकायला कोण? ढोलकीवाला आणि दोन कुत्री. जुनंच गात राहण्यात जोखीम नसते हे त्याला कळत होतं, आणि नेमकं तेच त्याला डाचत होतं.

त्या गाण्यांत एक भोंग्याचं होतं. तिसऱ्या भोंग्याला मिलचं दार बंद व्हायचं. भागीरथा एकदा सहज म्हणाली होती, "तिसरा भोंगा झाला का माहा जीव थाऱ्यावर राहत नाही, वाटते तुमाले दारातूनच वापस पाठवलं." रुपरावनं ते तिथल्या तिथे उचललं.

*पयला भोंगा झाला बाई, भाकर तव्यावर,*
*दुसरा भोंगा झाला बाई, धनी रस्त्यावर,*
*तिसरा भोंगा झाला, माहा जीव ना थाऱ्यावर.*

नोकरी सुटल्यावर भागीरथा तीन महिने नवऱ्याशी बोलली नाही. विड्या वळायला बसली, तंबाखूनं बोटं काळी झाली, पण तोंडातून शब्द नाही. मग एके दुपारी तो दाराआड बसून हे गाणं पूर्ण करत होता, ते तिनं ऐकलं. हातातलं पान तसंच राहिलं.

"हे माह्यावर केलं तुमी?"

"आवं, तुह्यावर नाहीतं कोणावर करू?"

"मंग हे लोकायले ऐकवा," ती म्हणाली. "विड्या मी वळतो." त्या दिवसापासून रुपरावची नोकरी तिनं केली असं म्हटलं तरी चालेल. आमच्याकडे अशा बाईला पुरस्कार वगैरे काही नसतो.

आता लोकांना ऐकवायचं कुठे? मंडईत नाही जमत, तर मग रेडिओ. रेडिओवर कोणी उठून 'जुनं गा' म्हणू शकत नाही, ही रुपरावची समजूत. अर्ज केले, ते परत आले, पुन्हा केले. पाच वर्षं त्यात गेली. शेवटी एकाहत्तर साली सिव्हिल लाइन्समधल्या रेडिओ स्टेशनचं पत्र आलं. अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता, पार्टीसह, आवाजाची परीक्षा, वेळ पंधरा मिनिटं.

पंधरा मिनिटं ऐकून झीलकऱ्यांना हसूच आलं. पंधरा मिनिटांत तर गंमतीत सतरंजीसुद्धा नीट अंथरून होत नाही. पण रुपरावनं मनावर घेतलं. भोंग्याचं गाणं छाटलं, पुन्हा जोडलं, ताराचंदचं मनगटी घड्याळ मागून आणलं आणि रोज दुपारी तालीम केली. ढोलकीवर नत्थूजी. हे नत्थूजी म्हणजे चंपतराव गुरूंचे धाकटे भाऊ, साठी ओलांडलेले, पण बोटांत अजून वीज. चंपतराव आदल्या वर्षाच्या शेवटी, मंडईचा हंगाम आटोपल्यावर, वारले होते आणि नत्थूजींनी तेव्हापासून दाढी केली नव्हती. तालमीत गाणं बरोबर चौदा मिनिटांत बसलं. एक मिनिट उरतं म्हणून रुपराव खूश झाला.

चूक झाली ती इथेच, आणि ती चूक त्या फडाबाहेरचा माणूस करूच शकला नसता. गंमत उभी राहायची तर आधी नमन. गणपती, शारदा, पायाखालची भूमी, मग गादीचे पाच गुरू एकामागून एक, प्रत्येकाचा एक चरण, आणि प्रत्येक चरण झीलकरी दोनदा उचलणार. यात कोणाच्या बापाला सूट नाही. पण फडाची दुसरी रीत अशी की तालमीत नमन म्हणायचं नाही. देवाला नि मेलेल्या माणसांना उगीच उठवून बसवायचं नाही. बोलावलं तर खेळ दाखवायलाच हवा. म्हणून दुपारच्या तालमीत सगळे नुसते हात जोडायचे आणि थेट गाण्याला हात घालायचे. ताराचंदच्या घड्याळानं गाणं मोजलं, नमन त्याच्या कानावरच पडलं नाही. आणि कोणाला आठवलंही नाही, कारण नमन हा कार्यक्रम असतो असं त्यांच्यापैकी कोणालाच कधी वाटलं नव्हतं. आपण जेवायला किती वेळ लागतो ते सांगतो, त्यात हात धुतलेले धरतो का?

स्टुडिओत गारठा होता. भिंतींना गालिचासारखं काहीतरी लावलेलं, आवाज बाहेर न जाणारा. नत्थूजींनी उंबऱ्यावर डोकं टेकवलं. पुण्याकडचे एक तरुण साहेब होते, बोलायला गोड. ते म्हणाले, "घाबरू नका हं. लाल दिवा लागला की सुरू करायचं, विझला की थांबायचं. समोर घड्याळ आहे."

दिवा लागला. रुपरावनं कानावर हात ठेवला आणि आपोआप, श्वास घ्यावा तसं, नमन सुरू झालं.

*आधी नमू गणराया, मग शारदा माय,*
*तिसरं नमन भूमीले, जिथं टेकले पाय.*

झीलकऱ्यांनी ओळ उचलली. एकदा, दोनदा. रुपरावचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की काचेपलीकडचे साहेब मान डोलवायला लागले. गणपती झाला, शारदा झाली, भूमी झाली, पहिला गुरू झाला. दुसऱ्या गुरूवर आला तेव्हा सहज त्याची नजर घड्याळावर गेली. आठ मिनिटं गेली होती.

गाता गाता माणूस हिशेब करू शकतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. तिसरा, चौथा, मग चंपतराव. प्रत्येकाला दीड मिनिट. सगळे झाले की उरणार एखादं मिनिट. आत्ता थांबलं तर अर्धं गाणं तरी होईल. तिसऱ्या भोंग्यापर्यंत पोचता येईल. शाहिरानं डावा हात वर केला की ढोलकी तोडा घेऊन थांबते, एवढीच ती गोष्ट. तेवढ्यानं पाच वर्षांच्या विड्या वसूल झाल्या असत्या.

त्यानं नत्थूजींकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले, पांढरी दाढी छातीवर, आणि ढोलकीवरचा हात भावाच्या नावाकडे चाललेला. ते नाव यायला अजून दोन गुरू होते. मेल्यावर प्रथमच ते नाव मैफलीत, तेही रेडिओच्या, घेतलं जाणार होतं.

रुपरावचा डावा हात कोपरापर्यंत उठला. कायमची नोकरी एका दमात फेकून देणारा तो हात, तिथून वर काही गेला नाही. रुपराव तिसरा गुरू गायला. चौथा गायला. चंपतरावांचा चरण तर त्यानं इतका जीव ओतून गायला की झीलकऱ्यांनी तो दोनाऐवजी तीनदा उचलला. आणि दिवा विझला.

नत्थूजींनी डोळे उघडले. "हां! आता होऊ द्या गा गंमत!"

"झालं की बाबा," साहेब दार उघडून म्हणाले. "वेळ संपली. फार छान झालं."

"साहेब, ते तं नमन होतं," रुपराव म्हणाला. "गाणं आता आहे."

साहेब गोंधळले. "अहो, मग गाणं आधी का नाही घेतलंत?"

बाहेर बाकावर आणखी तीन पार्ट्या बसल्या होत्या. साहेबांनी खरोखर वाईट वाटून खांद्यावर हात ठेवला आणि पुढचं नाव पुकारलं.

घरी भागीरथा सूप मांडीवर घेऊन दारातच बसली होती. "झालं?"

"नमन झालं."

"अन् गाणं?"

रुपराव टोपी काढून हातात फिरवत उभा राहिला. "बाप्पा!" एवढंच ती म्हणाली आणि पुढची विडी घेतली. मिलमधल्या जुन्या दोस्तांनी मात्र सोडलं नाही. "काहून गा रुपराव, नमनालेच घडाभर तेल?" असं भर चौकात विचारायचे. तोही हसायचा. दुसरं करणार काय?

तीन महिन्यांनी पत्र आलं, आणि या गोष्टीतलं सगळ्यात अवघड ते पत्र. नापास केलं असतं तर बरं, असं रुपरावला पुढे अनेकदा वाटलं. पत्रात लिहिलं होतं की आपलं नमन उत्तम आहे. सकाळच्या भक्तिपर कार्यक्रमात वर्षातून दोनदा ते घेतलं जाईल. पंधरा मिनिटं. गाण्याचा प्रकार बदलून हवा असल्यास लेखी अर्ज करावा.

हे शेवटचं वाक्य भागीरथानं शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं. "मंग करा ना अर्ज," ती म्हणाली. रुपरावनं त्याच दिवशी अर्ज लिहून वहीत ठेवला. ठरलं असं की पहिलं नमन लागू द्यायचं, नत्थूजींच्या मनासारखं होऊ द्यायचं, मग त्यांना सांगून पुढच्या वेळेपासून भोंग्याचं गाणं.

नमनाचं ध्वनिमुद्रण झालं, आणि बहात्तरच्या पौषात एका सकाळी ते लागलं. रेडिओ ताराचंदच्या ओसरीवर, भोवती पहिल्या पाळीला न गेलेली निम्मी वस्ती. रेडिओवरच्या बाईनं स्वच्छ आवाजात सांगितलं: गायक, रुपराव आणि पार्टी. रचना, पारशिवनीचे शाहीर कैलासवासी चंपतराव यांच्या फडाची. भागीरथा भिंतीला टेकून उभी होती. स्वतःचाच आवाज पेटीतून ऐकताना रुपरावला तो परक्याचा वाटला. चांगला होता, खणखणीत होता, पण त्यात आपलं म्हणावं असं एक अक्षर नव्हतं.

संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताराचंदनं पेढे वाटायला घेतले. आणि नत्थूजी काठी टाकून उठले, गर्दीतून वाट काढत आले आणि काय होतंय ते कळायच्या आत रुपरावच्या पायावर पडले. बापाच्या वयाचा माणूस.

"नोको जी, नोको, हे काय करून राहिले तुमी!" रुपराव त्यांना खांद्यांना धरून उठवायला लागला.

"माह्या भावाले तुनं जिवंत केलं गा," म्हातारा रडत होता. "आता एक शबद दे मले. मी हाव तोवर रेडिओवर त्याचंच गाजो. त्याच्या जागी दुसरं काई बसवू नोको. देतं ना शबद?"

रुपरावनं भागीरथाकडे पाहिलं. ती काळी पडलेली बोटं पदराला पुसत होती. तिला काय वाटलं ते तिनं कधी कोणाला सांगितलं नाही, त्यामुळे मीही सांगत नाही. सगळी वस्ती रुपरावच्या तोंडाकडे बघत होती.

"हाव जी," रुपराव म्हणाला.

नत्थूजी त्यानंतर चौदा वर्षं जगले, आणि रुपराव शब्दाचा पक्का माणूस होता.