तेलात कालवलेलं कुंकू

मोटारपंप उघडून पुन्हा जोडता येणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. जगातली कुठलीही वस्तू चार स्क्रू काढले की आपल्याला कळणारच, असं त्याला वाटायला लागतं. मानोऱ्याबाहेर माझा भाजीपाल्याचा मळा आहे. आसपासच्या तांड्यांवर पंप बंद पडला की लोक मलाच बोलावतात. तेव्हा बायकोच्या कॉम्प्युटरमध्ये रॅमची नवी पट्टी बसवायला दुकानदार कशाला हवा, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

कॉम्प्युटर तिचा. गणितात एम.एस्सी. झालेली ही बाई लग्नानंतर सात वर्षं माझी वांगी निवडत बसली होती. आता एका ऑनलाइन क्लासनं तिला नमुन्याचा तास घ्यायला सांगितलं होतं, दुपारी तीन वाजता. जमलं तर घरबसल्या शिकवायची नोकरी. मोबाइलवरून चालणार नाही, हे त्यांनी आधीच कळवलेलं. आणि आमचा कॉम्प्युटर व्हिडिओ सुरू केला की दहा मिनिटांत थिजायचा. म्हणून मी वाशिमहून पट्टी आणली आणि बसवायला नेमका तोच दिवस निवडला.

"उद्या बसवा न," ती म्हणाली. "आज जसा हाय तसा चालू द्या."

"पाच मिनिटाचं काम हाय," मी म्हणालो.

ती तयारीला आत गेली. मी डबीतून पट्टी काढतो तोच आईनं पाहिलं. "बाबू, नवी वस्तू हाय. हळद-कुंकू लाव न त्याले."

आमच्याकडे मोटारसायकल, फ्रीज, फवारणीचा पंप, काहीही घरात आलं की आधी कुंकू लागतं. कोरडं कुंकू गळून जातं, म्हणून पंपाच्या स्टार्टरला मी ते नेहमी तेलात कालवून लावतो. तसंच इथं केलं. पण लावायचं कुठं? हिरव्या पट्टीवर सगळीकडे काळे चौकोन, जागाच नाही. खालच्या कडेला मात्र सोनेरी दातांची ओळ कशी चकचकीत. दर्शनी बाजू हीच असणार, असं ठरवून मी तिथं बोट टेकवलं. एकदा नाही, पाच वेळा.

पट्टी खाचेत बसवली आणि बटण दाबलं. पडदा काळा. आतून टीं, टीं, टीं.

मी पट्टी काढली, कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं. ते उलट नीट फासलं गेलं. मग जुनी पट्टीही काढली आणि दोन्हींच्या जागा बदलून पाहिल्या. पंपात असं चालतं. इथं एवढंच झालं की दोन्ही खाचा आणि जुनी पट्टी, सगळं तेलकट झालं. हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त घामाघूम होतो.

ती बाहेर आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. पडदा काळाच होता. तिनं दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"नवी काढा भाऊ, जुनीच लावून पाहा," तो म्हणाला.

पाहिली. टीं, टीं.

"काही लागलं तर नाही न त्याले? पाणी, तेल?"

इथं खरं सांगायची संधी होती. पण तांड्यांवर ज्याच्या नावानं पंप चालतात त्या माणसानं, बायकोसमोर, रॅमची पूजा केली म्हणून कसं सांगावं? "नाही जी," मी म्हणालो. "तुमचीच पट्टी खराब दिसून राह्यली."

"मंग बोर्ड गेला असंन. घेऊन या इकडं."

वाशिमला जाऊन यायचं तर तीन कधीच वाजून जाणार. तरी ती वायरी सोडवायला लागली. मी मध्येच हात घालून पुन्हा एकदा बसवून पाहतो, पुन्हा एकदा पाहतो, असं करत दीड वाजवला. तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"हे बोट लाल कायनं हाय?"

मी आईकडे पाहिलं. आईनं हातातल्या निवडायच्या कोथिंबिरीकडे पाहिलं.

"कुंकू लावलं होतं," मी म्हणालो. "तेलात."

"कशाले?"

"त्या सोनेरी दातांले."

तिनं पुन्हा फोन लावून जसंच्या तसं सांगितलं. त्यानं "कुंकू?" असं दोनदा विचारून घेतलं. मग तो म्हणाला, "ताई, बोर्डाले काही झालं नसंन. जुन्या पट्टीचे दात खोडरबरनं घासा. इंजेक्शनच्या वेळी लावतात ते स्पिरिट आणा, नव्या ब्रशनं खाच साफ करा, चांगली सुकू द्या. अन् भाऊले लांब बसवा."

मी लांब बसलो. स्पिरिट आणायला तीच गेली, घासायला तीच बसली. खोडरबराचा चुरा गुलाबी पडत होता. पावणेतीनला तिनं जुनी एकटी पट्टी बसवून बटण दाबलं. एकदाच टीट वाजलं आणि पडदा उजळला. नवी पट्टी लावायची हिंमत कोणालाच नव्हती.

तास तिनं छान सुरू केला. मी दाराआडून ऐकत होतो. दहाव्या मिनिटाला पडदा थिजला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा जोडेपर्यंत पलीकडून तास पाहणारे क्लासचे दोघेजण निघून गेले होते. आठ दिवसांनी उत्तर आलं: विषयाची तयारी उत्तम, तांत्रिक तयारी अपुरी.

ती ओळ तिनं मला वाचून दाखवली, आवाज न चढवता. मग विचारलं, "कुंकवाचं जाऊ द्या. मायनं सांगितलं, तुमी लावलं. पण साडेअकराले काहून नाही सांगितलं? साडेतीन तास होते माह्याजवळ."

मी वांग्यांची टोपली ओढली आणि निवडत बसलो.

पुढं एकदा मी मळ्यात असताना नवी पट्टी तिनंच घासून बसवली. किती वेळ लागला ते मी विचारलं नाही. आता तिनं दुसऱ्या एका क्लासला अर्ज केला आहे. तारीख मला सांगितलेली नाही. घरात काही बंद पडलं की ती आधी माझ्या बोटांकडे पाहते आणि मग त्या वस्तूकडे.