दवा मारलेली भिंत
बाजारात बैलाचा दात बघून मी वय सांगायचो आणि दलालाला घाम फोडायचो, पण घरात माझा शब्द चालायचा नाही. शिकलेला थोरला भाऊ, कमावता मी. माझ्या कमाईवर घराचं माळवद नवं झालं. नाव त्याचं झालं.

निजामाचं राज्य गेलं त्या सुमाराची गोष्ट. आमच्या निंबर्ग्याकडच्या भागात पाऊस सरला की हिवताप ठरलेला. आधी हुडहुडी, कितीही गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. मग अंग तव्यासारखं तापायचं आणि घाम फुटून माणूस गळून जायचा. एक दिवस बरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोरांच्या डाव्या बरगडीखाली वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागायची. वडिलांच्या वेळी प्लेग आला की लोक गाव सोडून शेतात झोपड्या टाकत. डासाला भिऊन कोण गाव सोडणार? माझं पहिलं मूल ह्याच तापानं बायकोच्या पोटातच गेलं होतं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

त्या साली सरकारी फवारणीची टोळी आली. बादलीत डीडीटीचं पांढरं पाणी आणि हातपंप. ह्या दवेनं ढेकूण वाढतात, देव बाटतो, म्हणत गावानं दारं लावून घेतली. मी टोळीच्या मुकादमाशी सौदा केला: तुमची उतरायची सोय आणि भाकरी माझ्याकडे, पण माझं घर पहिलं, देवघरासकट. माझं बघून निम्म्या गावानं दारं उघडली. मुकादम बजावून गेला, "भिंत सारवू नका. दवेवर डास बसला की मरतो."

मी बाजार करून परतलो तर सगळं घर पांढऱ्या मातीनं पोतारलेलं.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"मी," भाऊ म्हणाला. "घट बसायलेत. त्या डागाळल्या भिंतीपुढं देवी बसवू व्हय?"

"अण्णा, दवा मातीखाली गेली की! डास काय माती उकरून मरणार हाय?"

"तू बैलं बघ. मला कामून शिकवायलास?"

वहिनी दारातून म्हणाली, "भाऊजी, वास तरी किती सुटला होता! आता बघा कसं लख्ख दिसायलंय."

बायको खाली बघत उभी होती. तिच्या हातांना कोपरापर्यंत पांढरी माती. थोरल्या जावेला ती नको कशी म्हणणार?

मी तसाच गाडी जुंपून टोळीच्या पुढच्या गावी गेलो. मुकादम म्हणाला, "दवा हर गाव की नाप के मिलती, सेठ. नई होता."

"बरं. तुमचे साहेब तपासणीला आले की माझ्या गावाच्या भिंती दाखवतो. घटांपायी समद्यांनी पोतारल्यात, एकीवर दवा दिसली तर मिशी उतरवतो. तुम्ही दवा मारलीच नाही, असंच साहेब धरतील."

तो पंप घेऊन गाडीत बसला. दवा एका खोलीपुरतीच निघाली. बायकोची खोली मारून घेतली आणि घरात सांगितलं, ह्या भिंतीला जो हात लावील त्याचा हात मोडीन. दिवस मावळला की तिला मी त्या खोलीबाहेर पडू दिलं नाही. भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग त्यालाच हुडहुडी भरली. कुनैनच्या गोळ्या मीच आणल्या, मीच त्याच्या तोंडात घातल्या.

बायकोला त्या वर्षी ताप शिवला नाही. मुलगी झाली, चांगली ठणठणीत. बारशाला भाऊ पाहुण्यांना सांगत होता, "घट नीट बसले म्हणून निभावलं. ताप ह्याच्या बैलांनीच आणला होता बाजारातून."

मी पानसुपारीचं ताट खाली ठेवलं. सगळ्या पाहुण्यांना त्या खोलीत नेलं आणि भिंतीवरचे दवेचे डाग दाखवले. बायका पाळणा सोडून बघायला आल्या. भाऊ तेवढा उंबऱ्यापर्यंतही आला नाही. अजून आलेला नाही.