तासाभरात बोट बाहेर

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही, आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही असा तिचा समज आहे. तुम्ही लांबचे, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तेवढं सोपं नाहीये.

मी बोटीवरचा माणूस. कॅप्टन म्हणून निवृत्त झालो आणि रत्नागिरीत येऊन आंब्याच्या कलमांच्या मागे लागलो. आमच्या आळीतला बोटीवर जाणारा प्रत्येक मुलगा आधी माझ्याकडे येऊन जातो — कंपनी कशी, माल कसला, बंदर कुठलं. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं.

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा वादाची सभा असते. बाजू चिठ्ठी टाकून ठरते. मनाविरुद्धची बाजू आली तरी जीव तोडून मांडायची, हीच त्यातली गंमत. तेव्हा दूरच्या एका देशावर महिनोन्‌महिने विमानांतून बॉम्ब पडत होते. विषय ठरला — हे कायद्यात बसतं का? मला 'बसतं' ही बाजू आली.

मग मी वाचतच सुटलो. खरंच कुतूहल लागलं होतं हो. स्वसंरक्षणाचा हक्क किती महिने पुरतो? ज्या बंदरात शस्त्रंही उतरतात आणि गहूही उतरतो, ते बंदर शस्त्रांचं धरायचं की गव्हाचं? किती माणसं मेली म्हणजे 'प्रमाणाबाहेर' झालं, आणि ते ठरवायचं कुणी — बॉम्ब टाकणाऱ्याने? जेवताना बायको काय वाढतेय याकडेही माझं लक्ष नसायचं.

विरुद्ध बाजूला लिमयेबाई होत्या, हायस्कूलच्या निवृत्त शिक्षिका. शेवटी त्यांनी एकच विचारलं. "कॅप्टन, आधी इशारा दिला की बंदरावर बॉम्ब टाकणं कायदेशीर, असं तुमचं म्हणणं. मग एवढंच सांगा, इशारा मिळाल्यावर बोटीला निघता येतं का?"

मला हे माहीत नव्हतं? मोठी बोट बंदरातून आपली आपण निघत नाही. वाट दाखवायला बंदराचा पायलट वर चढावा लागतो, ओढायला टग लागतात, धक्क्यावर दोर सोडायला माणसं लागतात. आणि इशारा आला की आधी पळतात ती हीच माणसं — त्यांची बायकापोरं त्याच गावात असतात. तरुणपणी मी स्वतः असा अडकलोय. इशारा ऐकला, इंजिन तयार ठेवलं, आणि दोर बांधलेल्या बोटीवर आम्ही नुसते उभे. बॉम्ब पलीकडच्या धक्क्यावर पडले, म्हणून आज कलमं राखतोय.

हे सगळं डोळ्यांसमोर असताना मी म्हणालो, "तासाभरात बोट बाहेर असते, बाई. मी स्वतः काढली आहे."

टाळ्या पडल्या. बाई खाली बसल्या. बोटीच्या बाबतीत कॅप्टनला खोडणार कोण?

का म्हणालो? मला हरायचं नव्हतं. पुष्कळ शोधून पाहिलं — याहून मोठं कारण सापडत नाही.

मागच्या बाकावर शैलावहिनी होत्या, माझ्या वारलेल्या चुलतभावाची बायको. त्यांचा ओंकार त्याच भागात जाणाऱ्या बोटीवर लागणार होता. पाठवायचं की नाही, यावर त्या दुसऱ्या दिवशी ग्रामदेवीला कौल लावणार होत्या — गुरव देवीच्या अंगावर फुलांचे कळे लावतो, उजवा पडला की होकार. वाचनालयाच्या पायऱ्यांवर त्या मला म्हणाल्या, "बरं झालं ऐकायला आले, भावोजी. आता कौल कशाला लावू? तुम्ही स्वतः काढलीत ना बोट."

मी चपला शोधत होतो. समोरच होत्या, तरी शोधत राहिलो. ओंकार निघेपर्यंत मध्ये कितीतरी दिवस गेले, आणि वहिनींचं घर माझ्या बागेच्या दगडी गडग्याला लागून आहे. मी एकदाही तिकडे गेलो नाही.

त्याची बोट धक्क्याला असतानाच त्या बंदरावर बॉम्ब पडले. ओंकार परत आला. त्याचे दोन सोबती आले नाहीत. त्याला डाव्या कानाने काही ऐकू येत नाही, उजव्याने थोडं. मेडिकलला नापास झाला — बोट कायमची सुटली. आता माझ्याच बागेचं काम बघतो, आणि पोराला सांभाळून घेतलं म्हणून आळी मला चांगलं म्हणते. मला त्याची शरम वाटते, पण मी ऐकून घेतो.

एकदा पडवीत बसलो असताना मला राहवलं नाही. बघा, अजूनही कुतूहल. त्याच्या उजव्या बाजूला सरकून मोठ्याने विचारलं — इशारा आला होता का रे?

"आला होता की, काका. चांगला वेळ होता. पायलटच आला नाय." मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, म्हणाला, "तुमच्या टायमाला थांबत असतील."

मी हो म्हणालो. त्याला ते ऐकू गेलं नसावं, म्हणून मान हलवून पुन्हा सांगितलं.